पोळ्याच्या आठवड्यातली सुट्टी

सन दोन हजार बावीस. मला त्र्याहत्तरावं चालू होतं. कारभारीण जाऊन चार वर्षं झाली होती, दोन्ही लेकी आपापल्या घरी. सकाळी चूल पेटवायची, दोन भाकरी थापायच्या, त्याच दोन वेळा खायच्या. साडेचार वाजले की कॉलेजच्या मैदानावर जाऊन बसायचं.

त्या कॉलेजात मी सत्तावीस वर्षं माळी होतो. शाळा दुसरीपर्यंतच झाली, पण मैदानावर चुन्याची फक्की कुठं आणि किती मारायची हे मला कुणी शिकवावं लागलं न्हाय. रिटायर झाल्यावरही पट्टे मीच मारायचो. कुणाला हात लावू देत नव्हतो.

तिथं पोरींची फुटबॉलची टीम होती. चौदा पोरी, येरमाळ्याकडून, तेरखेड्याकडून एसटीनं येणाऱ्या. आजूबाजूला पोरींची दुसरी टीमच नव्हती, म्हणून त्या आपसातच सात-सात खेळायच्या. अकरा जणींचा पुरा सामना एकीनंही बघितला नव्हता. मला आबा म्हणायच्या. पाणी प्यायला आल्या की माझ्या शेजारी पायरीवर टेकायच्या आणि घरची गाऱ्हाणी सांगायच्या. दिवसभरात माझ्याशी कुणी बोललं तर तेवढंच.

त्या साली बीडला कॉलेजाकॉलेजांची स्पर्धा ठरली, पोळा झाल्यावर सातव्या दिवशी. खेळाचे सर कोल्हापूरकडचे, तिशीतला माणूस. त्यांनी पोळ्याच्या आठवड्यात लांबच्या बार्शीच्या टीमबरोबर दोन सामने ठरवले. मी म्हणालो, "सर, पोरी दमल्यात. आठ दिवस घरी सोडा त्यांना."

"आबा, दमणं काय असतं ते यांना अजून कळलंच नाही. नव्वद मिनिटं कधी पळाल्यात का? सामन्याची सवय सामना खेळूनच लागते."

"पेरणीच्या आधी आमी बैलाला आठ दिवस जू दाखवत न्हाय. दमल्या बैलानं तिफण ओढली की ओळ वाकडी जाते."

"पोरी काय बैल आहेत?"

पोरी फिदीफिदी हसल्या. कप्तान पोरगी म्हणाली, "सर, ऐका की आबांचं! घरी पुरणाच्या पोळ्या हायत्या." बाकीच्या लागल्या गलका करायला. सर एकटे पडले.

"बरं. तुमच्या शब्दावर सोडतो," ते म्हणाले. "हरलो तर?"

"हरलो तर ह्या मैदानात पाय ठेवणार न्हाय."

असं बोला म्हणून कुणी म्हणालं नव्हतं. चौदा पोरींसमोर छाती काढून मीच बोललो. सरांनी सामने रद्द केले.

मग आठ दिवस मैदान मोकळं. मी साडेचारला जायचो, पट्टे मारायचो, रात्री पाऊस ते धुऊन न्यायचा, दुसऱ्या दिवशी पुन्हा मारायचो. पायरीवर एकटाच बसायचो. मनात हिशेब एकच, की आता पोरी ताज्यातवान्या होऊन येतील आणि सरांचं तोंड बंद होईल.

बीडला निघायच्या सकाळी पोरी स्टँडवर आल्या. गोलाला उभी राहायची तिच्या हाताला चिंध्या गुंडाळलेल्या. दुसरी कंबर धरून चालायली. कप्तान पोरगी बाकड्यावर बसली ती वाकूनच.

"काय गं, आजारी हायस का?"

"न्हाय आबा. उडीद तोडायला आला ना. रोज दिवस उगवायला रानात. शेंगांच्या लवेनं हात बघा कसे लाल झालेत. पोळ्यादिवशी तेवढं रान न्हवतं."

"मग त्या दिवशी तरी आराम झाला."

ती माझ्याकडं बघून हसली. "काय बोलायलात आबा! पोळ्याला आराम बैलाला. आमी सकाळपासून पुरणात."

बाकीच्या पण हसल्या. मी बिडी काढली आणि लांब जाऊन उभा राहिलो. चाळीस पोळे मी बैलांचे खांदे हळद-तुपानं मळले, शिंगं रंगवली, बैलं पारावर मिरवली. घरी आलो की ताट वाढलेलं असायचं. वाढणारी कधी जेवली, कधी टेकली, हे मी एकदाही बघितलं नव्हतं. पोरींना घरी धाडा असं मी म्हणालो तेव्हा घर म्हंजे माझं घर डोळ्यासमोर होतं. ह्या गड्याची अक्कल तिथवरच.

सामना अर्ध्या वेळेपर्यंत बरोबरीत. नंतर पोरींचे पाय जड झाले. शेवटच्या वीस मिनिटांत तीन गोल बसले. त्यातला एक तर आमच्या पोरी पंचाच्या शिट्टीची वाट बघत उभ्या राहिल्या म्हणून. बार्शीबरोबर ते दोन सामने खेळल्या असत्या तर उभ्या राहिल्या नसत्या. सरांचं खरं होतं. पण ते मला एका शब्दानं बोलले न्हाईत, हे जास्त लागलं.

परतीच्या गाडीत पोरी एकमेकींच्या खांद्यावर झोपल्या. "माझं चुकलं" एवढे दोन शब्द आमचं स्टँड येईपर्यंत माझ्या तोंडातून निघाले न्हाईत. स्टँडवर सर म्हणाले, "आबा, ते बोलणं मनावर घेऊ नका. उद्या या."

"बोललो ते बोललो."

"कप्तानाला विद्यापीठाच्या निवडीला बोलावलंय. चारच दिवस आहेत. पट्टे कोण मारणार?"

"मारील कुणीबी."

कप्तान पोरगी तिथंच उभी होती. हळूच म्हणाली, "सर, मला उद्या सरावाला जमायचं न्हाय. अजून दीड एकर राहिलाय. आई एकटीच हाय."

मी घरी गेलो. भाकरी केली न्हाय.

दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीनं तिच्या गावाला उतरलो. आई आणि ती रानातच होत्या. मी धोतर खोचलं आणि पोरीच्या पातीला, तिच्या ओळीत, जाऊन बसलो.

आई म्हणाली, "आवो, तुमी कामून? बाप्या माणसाला उडीद तोडाया येतोय व्हय?"

"येईल. हिला जाऊ द्या. सर वाट बघायलेत."

पोरगी माझ्याकडं बघत राहिली. मी मान वर केली न्हाय. ती कमरेला खोचलेली ओढणी सोडून बांधावरनं पळत सुटली. आईनं पाण्याचा तांब्या माझ्याकडं सरकवला. दुपारपर्यंत माझी अर्धीच पात झाली होती.