आत्याचं माहेरचं नाव

"आत्या न्हाई आली? मग मी कशाला हाय?" असं म्हणत ती पदर खोचायची आणि पाळण्याकडे निघायची. हात धुतलेले असत, पण मनगटावर कणकेचं पीठ राहिलेलंच असायचं.

कासारवाडीतली आमची गल्ली म्हणजे सगळे बाहेरगावचे. कुणी लातूरचं, कुणी जळगावचं, कुणी सांगोल्याचं. नवरा चाकणला कंपनीत, बायको खोलीत आणि बाकीचं गणगोत गावाकडे. बाळाचं बारसं ठरलं की पहिली अडचण यायची ती आत्याची. बाळाच्या कानात नाव सांगायचा मान तिचा, आणि ती नेमकी तिकडे सोयाबीनच्या काढणीत नाहीतर स्वतःच्या बाळंतपणात अडकलेली. अशा वेळी ही बाई उभी राहायची. त्यामुळे लहानथोर सगळेच तिला आत्या म्हणत. तिचं खरं नाव काय, हे कुणाला ठाऊक नव्हतं. तुमच्याही गल्लीत अशी एखादी मावशी किंवा काकू असेल, जिचं नाव विचारायचं राहूनच गेलेलं असतं.

मी गल्लीत आलो तेव्हा एकटाच होतो. आमच्या घरात पदवी घेतलेला मी पहिला. वडिलांनी गावभर पेढे वाटले होते, पण मला साधा कुकर लावता येत नव्हता. आत्या कंपनीतल्या पोरांना डबे द्यायची. पहिल्याच दिवशी डब्यातली अर्धी भाजी उरलेली पाहून म्हणाली, "डिग्री घेतली, आन् जेवायचं कवा शिकायचं रं?" त्यानंतर मी डबा कधी उष्टा परत नेला नाही. घरापासून दूर आलेल्या माणसाला रागावणारं कुणीतरी लागतं. ते मला पहिल्याच आठवड्यात मिळालं, हे माझं भाग्य.

बारशात ती फार रंगायची. "गोविंद घ्या, गोपाळ घ्या" म्हणत बाळ पाळण्याच्या वरून खालून फिरलं की ती वाकायची, तळहाताचा आडोसा करून बाळाच्या कानाशी तोंड न्यायची. मागून बायका पाठीत धपाटे घालायच्या. "अगं हळू! पाठ हाय का पाटा?" असं ओरडत ती "कुर्रर्र" करायची. घुगऱ्या खाऊन झाल्या की बाळाच्या आईला म्हणायची, "झालं बघ. आता ही माझी भाची. डब्याला उशीर झाला तर तिच्या बापानं बोलायचं न्हाई."

नावं मात्र तिला पाठ करावी लागत. मायरा, शनाया, कियारा. शेजारणीकडून उसनं मीठ आणावं तसं ती नाव जपून तोंडात घोळवत यायची. सगळ्यांना मुलीचं नाव वेगळं हवं असायचं, कुणाचंच नसलेलं. मोबाईलमध्ये शोधून शोधून गल्लीत तीन आराध्या झाल्या. तेव्हा आत्या म्हणाली, "येगळं येगळं म्हणता, आन् समदी एकाच दुकानातनं आणता व्हय?"

आमची मुलगी झाली, तेव्हा माझ्या बहिणीच्या सासरी लग्न होतं. तिला येता आलं नाही. नाव ठरलं होतं अन्वी. आत्या आली, वाकली, धपाटे खाल्ले. पण माझी बायको पाळण्याला अगदी लागून बसली होती. तिच्या लक्षात आलं की आत्याने कानात एक नाही, दोन नावं सांगितली. आधी दुसरंच काहीतरी, मग अन्वी.

दुसऱ्या दिवशी बायको तिच्याकडे गेली. मी डबा न्यायला दारात उभा होतो.

"आत्या, खरं सांगा, आधी काय म्हणालात?"

आत्या लाटत होती. लाटणं थांबलं नाही. "हौसा."

"ते कुणाचं नाव?"

"माझं. माहेरचं."

मग तिने सांगितलं. लग्न ठरलं तेव्हा कळलं की सासूचं नावही हौसाच. एका घरात दोन हौसा कशा चालतील? लग्नात ताटात तांदूळ पसरले आणि नवऱ्याने अंगठीने नवं नाव लिहिलं. "बदललं ते बदललं," आत्या म्हणाली, "समद्यांचंच बदलत्यात. पण सासूचं नाव सुनेनं घ्यायचं नसतं. म्हंजे माझं नाव मला बी घेता येईना. शेजारीण सासूला हाक मारायची, आन् मी हातातलं टाकून दारात पळायचे. किती बोलणी खाल्ली त्यापायी!" ती हसली. आम्हीही हसलो.

"आता सासूबाई नाहीत ना?" बायकोने विचारलं.

"न्हाई की. पण तवर आईबाप गेले, भाऊ गेला. मला हौसा म्हणणारं कुणी ऱ्हायलंच न्हाई." तिने लाटलेली चपाती पुन्हा गोळा केली आणि पुन्हा लाटायला घेतली. "म्हणून पोरींच्या कानात सांगते. पोरांना न्हाई सांगत. एखादीनं तरी घ्यावं, एवढंच."

बायको म्हणाली, "आमच्या अन्वीला घरात हौसाच म्हणू."

गावाकडून माझी आई आली होती, तिला हे पटलं नाही. "पोरीला लोक हसतील. एवढा शिकलास ते असली नावं ठेवायला का?" पण बायको शब्दाची पक्की. तेव्हापासून आमच्या घरात हौसा आली. आणि खरं सांगायचं तर ते नाव सगळ्यांत शोभायचं आत्याच्या तोंडी. सकाळी डबे भरताना ती दारातून हाक मारायची, "हौसे, उठली का गं? हौसे, दात घास!" मूल दोन महिन्यांचं, तोंडात एक दात नाही. गल्लीतल्या बायका हसायच्या. आत्या आणखी मोठ्याने हाक मारायची. इतकी वर्षं अडलेलं पाणी पाटाला लागावं तसा तिचा आवाज त्या दिवसांत मोकळा झाला होता.

मुलगी बालवाडीत जायला लागली. एक दिवस आत्याने तिला फाटकाशी हाक मारली आणि बाकीची मुलं "हौशी, हौशी" करत मागे लागली. मुलगी रडत घरी आली. "मला अन्वीच म्हणायचं. ते घाण नाव आहे." आत्या तिच्या मागोमागच आली होती. तिने ते ऐकलं.

बायको मुलीवर रागावली, तर आत्याने तिलाच अडवलं. "बोलू नगंस तिला. बदलताना मला कुणी इचारलं न्हवतं. हिला तरी इचारा." मग मुलीचे डोळे पदराने पुसून म्हणाली, "चल अन्वी, लाडू देते."

त्या दिवसापासून तिने पुन्हा कधी ती हाक मारली नाही. आम्ही घरात म्हणायचा प्रयत्न केला, पण मुलगी उत्तरच द्यायची नाही. हळूहळू आमच्याही तोंडातून ते नाव गेलं. बारशांना आत्या बोलावल्यावर यायची, पण बायको सांगते, आता ती कानात एकच नाव सांगायची.

पुढे तिच्या मुलाने चाकणला फ्लॅट घेतला. चाकण काही परदेश नाही, माझी कंपनीची बस रोज तिकडेच जाते. तरी भेटायला जायचं पुढे पुढे ढकलत राहिलं. गेल्या वर्षी ती गेल्याचं कळलं. श्रद्धांजलीच्या फ्लेक्सचा फोटो मोबाईलवर आला. त्यावर आत्याचा चेहरा होता आणि खाली आम्ही कधीच न ऐकलेलं, तांदळात लिहिलेलं नाव.

मला मात्र ती आठवते ती गल्ली सोडताना. टेम्पोत पिंप, पोळपाट, डब्यांची चळत भरून झाली होती. मुलगा घाई करत होता. रस्त्यावर मुली लंगडी खेळत होत्या. त्यातल्या बहुतेकींच्या कानाशी आत्या कधीतरी वाकलेली होती. ती टेम्पोजवळ उभी राहिली, मुलींकडे पाहिलं आणि जोरात हाक मारली,

"ए हौसे!"

कुणी वळलं नाही. आमची अन्वी तेवढी एका पायावर थबकली, आईकडे पाहिलं आणि पुन्हा लंगडी घालत निघून गेली.

मग "आले गं, आले," असं आत्या स्वतःच म्हणाली आणि पदर खोचून टेम्पोत चढली.