पाया पडून मिटलेलं प्रकरण

मी राहते अमरावतीला आणि नोकरी अकोल्यात. बावीस वर्षं एसटीनं अपडाऊन करते आहे. कोणत्या सीटवर बसायचं, बॅग कोणत्या बाजूला धरायची, कोपर किती बाहेर काढून ठेवायचं, हे सगळं हळूहळू अंगवळणी पडतं. ते कोणी शिकवत नाही. कॉलेजात जाऊ लागले तेव्हा आईनं मला एक मोठी पिन दिली होती. ती कशासाठी, हे तिनं सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

दोनेक वर्षांपूर्वी आमच्या ऑफिसात एका वकीलबाईंचं व्याख्यान झालं. बाकीच्यांचं लक्ष समोशांकडे होतं. मी वहीत लिहून घेतलं. बाईच्या अंगाला वाईट हेतूनं हात लावणं हा दखलपात्र गुन्हा आहे, तक्रार नोंदवून घ्यावीच लागते. जबाब महिला अंमलदारानं घ्यायचा. ठाण्यात दाद लागली नाही तर तीच तक्रार पोस्टानं अधीक्षकांकडे पाठवता येते. आणि स्वतःला वाचवण्यासाठी गरजेपुरता मार दिला तर तो गुन्हा होत नाही. तो पळत असताना मागून धावत जाऊन मारलं, तर होतो. मला हे आवडलं. मापात बसणारं होतं.

त्याच रविवारी ते सगळं मी माझ्या भाचीला वाचून दाखवलं. ती माझ्या धाकट्या भावाची मुलगी. भाऊ बार्शीटाकळीच्या बाजूला एका गावात शेती करतो. पोरगी बी.एस्सी.साठी रोज बसनं अकोल्याला जाते. आमच्या घरात बारावीच्या पुढे गेलेली माझ्यानंतर तीच. भाऊ तयार नव्हता, मी मागे लागून तिचा प्रवेश घ्यायला लावला होता. आपल्या जबाबदारीवर पाठवलेली पोरगी म्हणून तिला मी एक जड स्टीलची बाटलीही घेऊन दिली.

तिला त्रास देणारा माणूस गावातलाच होता. पंचावन्नच्या आसपासचा, पांढरा सदरा, सोसायटीच्या संचालक मंडळावर. गावातली सगळी पोरं त्याला काका म्हणतात. बसमध्ये तो तिच्या मागे उभा राहायचा. पहिल्या दिवशी ती सरकली. दुसऱ्या दिवशी तिनं जागा बदलली. तिसऱ्या दिवशी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "काका, हात काढा."

"गर्दी हाय बाई," तो म्हणाला, "एवढं नाजूक असलं तं बापाले मोटार घ्याले सांग."

बसमधले हसले. त्यानं पुन्हा हात लावला. तिनं वळून बाटली मारली. एकदाच. त्याची भुवई फुटली.

कंडक्टर चांगला होता. त्यानं विचारलं, "पोरी, गाडी ठाण्यात घेऊ का?" पण मागून ओरडा सुरू झाला. "काहून गाडी अडवून राहिले? आमाले बाजार गाठाचा हाय." भाचीनं स्टँडवर उतरून मला फोन केला. मी तेव्हा ऑफिसात नुकतीच पोचले होते. तिचा आवाज ठीक होता. तिनं काय झालं ते क्रमानं सांगितलं आणि विचारलं, "आत्या, आता ठाण्यात जाऊ का मी?"

त्या दिवशी अकरा वाजता तिची प्रॅक्टिकलची परीक्षा होती. मी म्हणाले, "आधी प्रॅक्टिकल दे. वर्ष वाया घालवू नको. संध्याकाळी मी येते, मग दोघी जाऊ."

एवढा कायदा वहीत उतरवून घेणारी मी, आणि हे सांगितलं. ठाणं काही पळून जात नाही, असा माझा हिशेब होता. आमच्या घरातल्या बाया अशाच. आधी स्वयंपाक, आधी धुणं, आधी परीक्षा. आपलं दुखणं हातातलं काम उरकल्यावर.

त्या माणसाला परीक्षा नव्हती. तो स्टँडवरून थेट दवाखान्यात गेला. तीन टाके घालून घेतले, तसा कागद घेतला आणि बाराच्या आत ठाण्यात जाऊन बसला. संध्याकाळी आम्ही पोचलो तेव्हा त्याची तक्रार लिहून झाली होती. विनाकारण मारहाण. भुवईवर पट्टी लावून तो तिथंच बाकावर बसला होता.

कोणतं ठाणं ते लिहीत नाही. मी ऑफिसातच कागदावर तक्रार लिहून आणली होती, तारीख, वेळ, बसचा मार्ग, सगळं. हवालदारानं ती वाचली.

"घटना सकाळची, आन् तुमी आता येऊन राहिले? दिवसभर पोरगी कुठं होती?"

"कॉलेजात. परीक्षा होती."

"परीक्षा देली तिनं?"

"हो."

"म्हणजे एवढं काही मनावर घेतलेलं दिसत नाही."

मी म्हटलं, जबाब घ्यायला महिला अंमलदार बोलवा. ती बंदोबस्तावर गेली होती. मी म्हटलं, थांबतो. तो म्हणाला, "थांबा ना बाई, कोण नाही म्हणते. फक्त तेची तक्रार आधीची हाय. दोन्हीकडून कागद झाले का पोरीले तारखा पडतीन. उद्या नोकरीच्या वेळी चौकशी होईन. तुमी शिकेल बाई, तुमाले काय सांगाव."

तोपर्यंत भाऊ आला होता. सोबत गावातले दोन म्हातारे. भावानं मला व्हरांड्यात बाजूला नेलं.

"ताई, तो कागद दे माह्याजवळ."

"ही तक्रार तिची आहे. तिला देऊ दे."

"देऊ दे. मंग उद्यापासून कॉलेज बंद. पोट्टी लग्नाची हाय माही. तू अमरावतीले जाशीन निघून, मले त्याच गावात राहा लागते."

तो रागात नव्हता, आणि त्यामुळेच मला कळलं की तो खरंच बंद करणार. आणि मग मी जे केलं ते मला जमतं तेच केलं. सौदा केला. म्हणाले, तक्रार देत नाही, पण डिग्री होईपर्यंत तिचं कॉलेज बंद होणार नाही, हे या दोघांच्या समोर बोल. भाऊ बोलला. म्हाताऱ्यांनी माना हलवल्या.

भाची खांबाजवळ उभी राहून ऐकत होती. ती म्हणाली, "आत्या, मले तो कागद द्याचा हाय. मी कायी चुकलो नाही."

"चुकली नाहीस," मी म्हणाले. "पण वर्ष पूर्ण कर."

"मंग माराले काहून लावलं?"

मी कागदाची घडी करून पर्समध्ये टाकली.

आमच्याकडे भांडण मिटलं असं तोंडानं म्हणून चालत नाही. लहानानं मोठ्याच्या पाया पडायचं, मोठ्यानं डोक्यावर हात ठेवायचा, मग ते मिटतं. बांधाच्या भांडणात मी हे लहानपणापासून बघत आले. एक म्हातारा म्हणाला, "बेटा, पड काकाच्या पाया. तो तुह्या बापाच्या वयाचा हाय." मी म्हणाले, हे होणार नाही. भाऊ म्हणाला, "ताई, झालं ना आता तुह्या मनासारखं?" सगळे माझ्याकडे बघत होते. माझा सौदा होऊन गेला होता, माझ्याकडे द्यायला काही उरलं नव्हतं.

ती वाकली. त्यानं तिच्या डोक्यावर हात ठेवला. तोच हात. जरा जास्त वेळ ठेवला आणि म्हणाला, "जाऊ द्या, लेकरू हाय. मी माफ केलं." हवालदारानं आपसात समजोत्याचा कागद पुढे केला. त्यात लिहिलं होतं, वडीलधाऱ्या माणसाशी गैरसमजातून वाद झाला. साक्षीदार म्हणून मी सही केली. असं प्रकरण ठाण्यात बसून असं मिटवायचं नसतं, हे त्या खोलीत माहीत असणारी कदाचित मी एकटीच होते. माझी सही मोठी आणि स्वच्छ आली.

ऑफिसातल्या मुलींना आता मी सांगते: मारलं तर तिथून थेट ठाण्यात जा. घरी नको, कॉलेजात नको, मला विचारायला फोनसुद्धा नको. त्या ऐकतात. एकीनं विचारलं, "मॅडम, आणि घरच्यांनी कागद परत घ्यायला लावला तर?" मी म्हटलं, तेव्हा माझ्यासारखी शहाणी आत्या सोबत नेऊ नको. तिला वाटलं, मी थट्टा करते आहे.

भाऊ शब्दाला जागला. भाचीचं शेवटचं वर्ष चालू आहे. ती माझ्याशी कामापुरतं बोलते. ती त्याच बसनं जाते, कारण त्या वेळेला दुसरी बस नाही. तोही असतो. आता मागे उभा राहत नाही, पुढच्या बाकावर बसतो आणि ती चढली की सगळ्या गाडीला ऐकू जाईल असं विचारतो, "काय बेटा, अभ्यास बरा चालू हाय ना?" तो आता ठाण्याच्या कागदावर तिचा वडीलधारा आहे. ती उत्तर देत नाही. गावातल्या बाया माझ्या भावजयीला सांगतात, "पोट्टीले लयच गर्व आला बाप्पा. एवढा मोठा माणूस इचारून राहिला, तं तोंड फिरवते."

मागच्या आठवड्यात भावजयीनं मला फोन केला. म्हणाली, "ताई, तुमीच समजावा तिले. तुमचं ऐकीन ते."