सानगडीचा धुण्याचा दगड

सत्तरचं दशक सरता सरता मला नागपूरला एका संग्रहालयात नोकरी लागली. लाखांदूरकडच्या आमच्या गावात ती कुणालाच नीट समजली नाही. "पोरगा जुन्या मूर्त्यांपाशी बसते," एवढंच आई सांगू शके. मुलीवाले विचारत, "काहून, मूर्त्या पळून जातेत का?" तीन स्थळं अशीच हातची गेली.

चौथं स्थळ सानगडीचं. एसटीत मामांनी बजावलं, "नोकरीचं तू काही बोलू नको. सरकारी हाये, येवढं मी सांगतो. हे बी गेलं त मी काही आता तुह्यासाठी हिंडत नाही."

मी तोंड उघडलंच नाही. घात डोळ्यांनी केला. पाय धुवायला परसात नेलं, तर विहिरीजवळ धुण्याचा मोठा दगड. त्याच्या कडेखालची माती पाण्यानं वाहून गेली होती आणि तिथून घोड्याचं तोंड डोकावत होतं. मी वाकलो, बसलो, शेवटी नव्या पँटीसकट चिखलात आडवा झालो. घोडा, वर स्वार, हातात तलवार. लढाईत पडलेल्या कुणा वीराचा दगड पालथा घालून त्यावर घरची लुगडी आपटली जात होती.

पोहे निवले तरी पाहुणा येईना, म्हणून सगळे परसात आले. मुलगी बशी घेऊन पुढे. मला दिसली फक्त तिची पावलं, तीही उजेड अडवत होती म्हणून.

"जरा बाजूला व्हा," मी म्हणालो.

"काय हरपलं पाहुणे?" तिच्या बाबूजींनी विचारलं.

मग मात्र माझं तोंड उघडलं ते मिटेचना. दगडाचं सगळं पुराण सांगून मी तो संग्रहालयासाठी मागितलासुद्धा.

बाबूजी मामांकडे वळले. "तुमी पोरगी पाहाले आले का दगड?"

मामा खचले होते. "आता जे द्यान ते नेतो, बापा."

"अन् धुणं कशावर धुवाचं?" मुलीनं मला विचारलं.

"दुसरा दगड आणून देतो."

"सपाट पाहून आणजा. अन् असे मातीत लोळत नका जाऊ. हे कपडे पुढं मलेच धुवा लागतीन."

याचा अर्थ मामांना माझ्याआधी कळला. त्यांनी तिच्या हातातली बशी घेतली आणि उभ्याउभ्याच थंड पोहे खायला सुरुवात केली.