गाळाला जागा

कोळशाच्या खाणीत नोकरी करतो म्हटलं की नागपुरातल्या लोकांना वाटतं, मी कोळसा काढतो. मी पाणी काढतो. खाणीच्या तळाशी साचलेलं पाणी पंपानं उपसून वरच्या तलावात सोडायचं, तिथे गाळ खाली बसला की निवळलेलं पाणी नाल्याला जाऊ द्यायचं, आणि उन्हाळ्यात तो गाळ खरवडून काढायचा. पावसाळ्यात खाणीचे मातीचे ढिगारे धुपतात आणि तलाव पुन्हा भरतो. ये रे माझ्या मागल्या. सगळी नोकरी यातच गेली. आता थकलोय, आणि हे सांगायची लाजही वाटत नाही.

काढलेला गाळ टाकायचा कुठे, हे माझं कायमचं दुखणं. ढिगाऱ्यावर टाकला तर पावसात परत तलावात. वरचे साहेब मीटिंगमध्ये ‘योग्य जागी टाका’ म्हणतात. ती जागा कुठे आहे, विचारलं की चहा येतो.

तलावाच्या कुंपणाला लागून एका मावशीचं मिरचीचं वावर आहे. नवरा गेल्यापासून एकटीच कसते. वावराचा वरचा तुकडा मुरमाड, तिथे काही धरत नाही. गेल्या उन्हाळ्यात आमचा गाळ निघत होता तेव्हा ती कुंपणापाशी येऊन उभी राहिली.

“साहेब, दोन ट्राल्या इकडे टाकून द्या न.”

गावतळ्याचा गाळ वावरात टाकायची आमच्याकडे जुनीच रीत आहे. पण हा गाळ तो नव्हता.

“मावशी, यात दगडाचा चुरा अन् कोळशाची भुकटी आहे,” मी म्हटलं. “काही उगवणार नाही.”

“काहून नाही? काळाभोर तर दिसून राहिला. माझ्या सासऱ्यानं तळ्याचा गाळ टाकूनच हे वावर बनवलं. तुमाले दुसऱ्या कोणाले द्याचा असन, म्हणून मले नाही म्हणून राहिले.”

मला राग आला. ज्या घाणीपायी माझी झोप उडाली, ती मी लपवून ठेवतोय म्हणे! तसाच पंपाकडे निघून गेलो.

दुसऱ्या दिवशी सुट्टी होती. परत आलो तर तिच्या मुरमाड तुकड्यावर गाळ पसरलेला. गाळ वाहणाऱ्या ट्रॅक्टरच्या ड्रायव्हरला दरडावून विचारलं. तो म्हणाला, “मावशीनं चहा पाजला साहेब. मंग नाही कसं म्हणू?” त्याच्यावर आवाज बसेपर्यंत ओरडलो आणि मग तिच्याकडे गेलो.

“पावसाच्या आत उचलून घेतो मावशी.”

“राहू द्या. माझं मी पाहीन.”

पावसाळ्यात त्या गाळाचा चिकट थर झाला. त्यावर पाणी तुंबलं, लावलेली मिरचीची रोपं सडली. मग तो थर उताराला लागला आणि खालच्या चांगल्या मिरचीतही शिरू लागला. तिचं वर्ष त्या खालच्या मिरचीवरच होतं. पंप बघायला जाता-येता मला ते रोज दिसायचं. ‘सांगितलं होतं’ हे शब्द अगदी ओठांवर असायचे. पण ती मान वर करायची नाही, आणि मला भांडायचंही त्राण उरलं नव्हतं.

एका उघडिपीच्या दिवशी ती कुंपणापाशी आली. डोक्यावर घमेलं, त्यात तोच काळा चिखल. मागे वावरात खरवडलेला छोटासा पट्टा दिसत होता. कोपरापर्यंत हात माखलेले.

“आता हे कुठी टाकू, साहेब?”

तिला ऐकवायचं म्हणून जपून ठेवलेले शब्द तिथेच विरले. इतकी वर्षं मी हाच प्रश्न सगळ्यांना विचारत आलो होतो. मला तो पहिल्यांदाच कुणीतरी विचारत होतं. फार वाईट वाटलं. तिचं, आणि थोडं माझंही.

मी तारेचं फाटक उघडलं. “टाका तलावातच.”

तिनं घमेलं उपडं केलं. निवळलेलं पाणी काठाशी काळं झालं. ती दुसरं घमेलं भरायला वळली. उन्हाळ्यात हाच गाळ मला पुन्हा काढायचाय, हे तिला सांगितलं नाही. पंपाच्या शेडमधून फावडं घेतलं आणि तिच्या मागोमाग वावरात गेलो.