अक्कांची वेताची खुर्ची

अक्कांसमोर कुणाच्या पाठीमागे बोलायची सोय नव्हती. मग तो माणूस खरा नसला, आकाशातल्या कुठल्यातरी काल्पनिक ग्रहावरचा असला, तरीही नाही. ‘ज्याचा न्याय करावयाचा, तो समोर असावा,’ असं म्हणत त्या उठायच्या आणि कोपऱ्यातली वेताची खुर्ची ओढून आमच्यापुढे मांडायच्या. खुर्चीसमोर स्टूल, स्टुलावर टंबलरभर गरम कॉफी. मग रिकाम्या खुर्चीकडे बघून, आलेल्या पाहुण्याला विचारावं तसं, ‘बसला कां? सरी,’ म्हणजे तमिळमध्ये ‘बरं’. आणि आमच्याकडे वळून, ‘आतां बोला.’ पहिल्या रविवारी मी फिस्सकन हसले होते. दुसऱ्या रविवारी मला हसू आलं नाही.

बँकेनं मला नागपूरहून चेन्नईला टाकलं ते २००० नंतरच्या सुरुवातीच्या वर्षांत. वेस्ट मांबलममध्ये घर मिळालं आणि वरच्या मजल्यावर या अक्का. तंजावरकडच्या मराठी घराण्यातल्या, पन्नाशी ओलांडलेल्या, लग्न न केलेल्या. घरी मुलींना वीणा शिकवायच्या. त्यांचं मराठी ऐकून वाटायचं, जुन्या बखरीतलं पान तमिळ हेल काढून बोलतंय. आमची गट्टी जमली ती मात्र एका इंग्रजी मालिकेवरून. केबलवर दर शनिवारी संध्याकाळी लागायची. नऊ सूर्यांचं साम्राज्य, ताऱ्याताऱ्यांतून उडणारी जहाजं, आणि एवढं सगळं असून भांडणं मात्र तलवारीनं! मी त्या मालिकेपायी वेडी झाले होते. कुणी तिला पोरखेळ म्हटलं की माझं डोकंच फिरायचं.

तिसरे आमचे देशमुख, चेन्नईजवळच्या आवडी गावातल्या संरक्षण कारखान्यातले, मूळचे अमरावतीचे. रविवारी सकाळी लोकलनं यायचे. येताना सायबर कॅफेतून जगभरच्या चाहत्यांची भांडणं छापून आणायचे आणि सोफ्यावर बसण्याआधीच सुरू व्हायचे. त्यांचं एकच म्हणणं: कोण जिंकेल ते ताकद आणि कसब ठरवतं, बाकी सगळ्या गप्पा. मी म्हणायची, ‘अहो देशमुख, माणूस का लढतो ते बघा आधी!’ आमचे आवाज चढायचे, खालचा इस्त्रीवाला मान वर करून बघायचा. अक्का आपल्या शांतपणे शेंगा सोलत असायच्या.

त्या स्वतः लढाई बघायच्या ती हातांवरून. ‘तोंड पाहूं नको, सुनंदा. तोंडास खोटं करतां येतं. हात पाहा,’ हे त्यांचं ठरलेलं वाक्य. आयुष्यभर मुलींची बोटं न्याहाळलेली बाई ती. कोणत्या योद्ध्याचं मनगट थकलंय, कोणाची पकड सुटणार, हे त्या आधीच सांगायच्या आणि तसंच व्हायचं. देशमुख तेवढ्यापुरते त्यांना गुरू मानायचे.

खुर्चीचा कायदा मात्र कडक होता. झेरिन नावाची सम्राज्ञी, जिनं सख्ख्या बहिणीचा ग्रह जाळला, तिच्यावर मी एकदा तोंडसुख घेत होते. अक्का म्हणाल्या, ‘‘ती’ नको. ‘तूं’ म्हणून सांग, तिच्याकडे पाहून सांग.’ मी तावातावानं खुर्चीकडे वळले आणि तोंडातून शब्दच फुटेना. शेवटी काय बोलले, तर ‘तुम्ही असं करायला नको होतं हो.’ देशमुख पोट धरून हसले. मी हसले नाही, कारण बोलताना मला अगदी स्पष्ट वाटलं होतं की समोरून कुणीतरी माझ्याकडे टक लावून बघतंय.

आणि मग अक्का विचारायच्या. वाद पुरता रंगला की हात वर करून आम्हाला गप्प करायच्या, खुर्चीकडे झुकून ‘तूं काय म्हणतोस?’ असं हळू विचारायच्या आणि थांबायच्या. पंखा फिरत असायचा, मांबलम स्टेशनात गाडी शिरल्याचा आवाज यायचा. जरा वेळानं त्या मान हलवायच्या. ‘नाही म्हणतो.’ किंवा, ‘भय वाटलं होतं म्हणते.’ गंमत म्हणजे हे उत्तर कित्येकदा त्यांच्या स्वतःच्या मताविरुद्ध असायचं, आणि तसं झालं की त्या चक्क खट्टू व्हायच्या. शेवटी ‘ऊठ आतां. झालं तुझं,’ असं म्हटल्याशिवाय त्या कुणाला तिथून हलू द्यायच्या नाहीत.

एकदा खुर्ची उचलून ठेवायला गेले तर बैठकीचा वेत हाताला ओलसर लागला. मी दचकून हात मागे घेतला. देशमुख म्हणाले, ‘चेन्नईत कोरडं काय राहतं, बाई? माझे बूटसुद्धा बुरसतात.’ ते खरंच होतं. पण सोफा कोरडा होता, स्टूल कोरडं होतं. पुढे दर रविवारी मी गुपचूप हात लावून बघायची. वेत ओलाच असायचा, आणि हाताला वास यायचा तो खाऱ्या पाण्याचा.

एकदा न राहवून अक्कांना विचारलंच. त्यांनी काही लपवलं नाही. ‘ती माझ्या तंबीची खुर्ची,’ त्या म्हणाल्या. तंबी म्हणजे धाकटा भाऊ. कॉलेजात असल्यापासून पट्टीचा पोहणारा, कोळ्यांच्या होड्यांना शिवून परत यायचा. वीसेक वर्षांपूर्वी एका सकाळी बहीणभावांचं कडाक्याचं भांडण झालं. तो तसाच बेझंट नगरच्या किनाऱ्यावर गेला, पाण्यात शिरला, आणि समुद्रानं त्याला दुसऱ्या दिवशी परत दिलं. लोक म्हणाले, ओढ होती पाण्याला. ‘इतकं पोहतां येत असतां बुडला कसा, सुनंदा? समुद्रानं हरवलं त्यास, की माझ्यावर रागावून त्यानंच हात सोडले? एवढं मज कळावं. दुसरं कांहीं नको.’ ‘मग त्यालाच बसवून विचारा ना,’ असं माझ्या ओठांवर आलं होतं. पण त्यांच्या तोंडाकडे बघितलं आणि कळलं की उत्तराच्या भीतीनंच त्यांनी त्याला कधी विचारलं नव्हतं.

आणि नेमकं त्याच सुमारास मालिकेत ओस्वान मेला. साम्राज्याचा सेनापती, नऊ सूर्यांखाली त्याच्या तोडीचा दुसरा नाही, आणि तो हरला कुणाकडून? स्वतःच्या शिष्येकडून, लिनारकडून! दोन जहाजांमधल्या पुलावर, चार वारांत. तलवार हातातून निसटली आणि तो खालच्या काळोखात पडला. चाहत्यांमध्ये नुसती हाणामारी सुरू झाली. तो थकला होता की त्यानं शिष्येसाठी मुद्दाम तलवार खाली केली? देशमुख कागदांचा गठ्ठाच घेऊन आले. अक्कांनी तो बाजूला सारला. ‘त्यास बसवायचं नाही.’ आम्ही दुसऱ्या कुणाकुणावर भांडत राहिलो, पण रंगत गेली होती. का नाही बसवायचं, हे मला ठाऊक होतं.

तंबीच्या श्राद्धानंतरच्या रविवारी त्यांनी स्वतःहून खुर्ची मांडली. स्टुलावर कॉफी ठेवली. ‘ओस्वान,’ त्या म्हणाल्या. ‘बोला तुम्ही. मज वाईट वाटेल म्हणून कांहीं राखूं नका.’ देशमुखांनी कसबाची बाजू मांडली: आधीच्या लढाईची जखम, निसरडा पूल, तरणीताठी प्रतिस्पर्धी. माझी पाळी आली. माझं मत पहिल्यापासून पक्कं होतं की ओस्वाननं मुद्दाम हार पत्करली. ते अक्कांना लागेल हे कळत होतं, पण अक्कांनी ‘राखूं नका’ म्हटलं होतं. मी खुर्चीकडे बघून म्हणाले, ‘तुम्हाला वार अडवता येत होता. तुम्ही अडवला नाहीत.’

अक्का झुकल्या. ‘तूं काय म्हणतोस?’ त्या दिवशी त्या फार वेळ थांबल्या. पंखा फिरत होता, तरी कॉफीची वाफ सरळ वर जाऊन खुर्चीच्या पाठीपाशी वळत होती. मी ती डोळ्यांनी पाहिली, कुणी काहीही म्हणो. मग अक्का सरळ झाल्या.

‘हात दुखले म्हणतो,’ त्या म्हणाल्या. ‘परतच येत होतो म्हणतो. किनारा दिसत होता. पण हात दुखले.’

ओस्वान जिथून पडला तिथे किनारा कुठला? खाली नुसता काळोख होता. देशमुखांच्या हातातले कागद जमिनीवर पसरले आणि ते उचलायला कुणीच वाकलं नाही. अक्का रडत होत्या आणि रडता रडता हसत होत्या. ‘परत येत होता, सुनंदा! परत येत होता माझा तंबी!’ किती वेळानं तरी त्यांनी पदरानं तोंड पुसलं, खुर्चीच्या हातावर हात ठेवला आणि म्हणाल्या, ‘ऊठ आतां, राजा. झालं तुझं.’ आम्ही निघताना मी बैठकीला हात लावला. वेत कोरडा ठणठणीत होता.

पुढे अक्कांचं मालिकेतलं लक्ष उडालं. आमचे वाद चालायचे, त्या आपल्या हसून शेंगा सोलायच्या. दोनेक वर्षांनी माझी बदली परत नागपूरला झाली तेव्हा त्यांनी हट्टानं ती खुर्ची माझ्या सामानात चढवली. ‘ने. आतां ती रिकामी आहे,’ म्हणाल्या. इथे मी रोज तिच्यावर बसून पेपर वाचायची. कधी काही जाणवलं नाही. फक्त एक खोड लागली, ती लागलीच: कुणाच्या पाठीमागे वाईट बोलायला गेले की नजर आपोआप त्या खुर्चीकडे जाते आणि माझ्यासारखी फाटक्या तोंडाची बाई गप्प होते.

मागच्या उन्हाळ्यात देशमुखांचा फोन आला. ‘अक्का गेल्या, बाई. झोपेतच गेल्या.’ मे महिना होता, नागपूर नुसतं भाजत होतं, कूलरचं पाणीसुद्धा टिकत नव्हतं. मी फोन ठेवला, कॉफी केली, खुर्ची खोलीच्या मधोमध ओढली आणि म्हटलं, ‘बसा, अक्का.’ विचारायचं काहीच नव्हतं. मग देशमुखांची चहाडी केली, नव्या मालिकांना शिव्या घातल्या, आणि तुमच्यावाचून भांडायला मजा येत नाही हो, असं सांगताना हुंदका आला.

सकाळी उठून खुर्चीला हात लावला. वेत ओला होता. चेन्नईची हवा सांगायला इथे देशमुख नव्हते, आणि इथल्या हवेत तर वाळत टाकलेला टॉवेल मिनिटांत वाळत होता. आता बरेच महिने झाले. मी त्या खुर्चीवर बसत नाही, पेपर पलंगावर वाचते. रविवारी कॉफी ठेवते, भांडते, अक्कांनी शिकवलेलं सगळं रीतसर करते. ‘उठा आता, झालं तुमचं,’ एवढं म्हणायचं राहिलंय. ते काही तोंडातून निघत नाही.