दहाच्या आत पोचणारी सायकल

ज्या माणसामुळं मी पंचेचाळिसाव्या वर्षी सायकल घेतली, त्याच्याविषयी माझ्या मनात आजही गोडवा नाही. लोक विचारतात, बाई, तब्येतीसाठी का? मी हो म्हणते. पण ते खोटं आहे.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत तिसरीला शिकवते. राहते धाराशिव जिल्ह्यातल्या वाशीत. शाळा डोंगराच्या पलीकडच्या एका वाडीत आहे, दहाला भरते. डांबरी रस्ता डोंगराला वळसा घालून जातो, सोळा किलोमीटर. मुख्याध्यापक वाडीतच राहायचे. आम्ही उरलेले चौघं वाशीहून एकाच चारचाकीतून जायचो. गाडी चौथीच्या सरांची. मागच्या सीटवर मी आणि पहिलीच्या मॅडम, पुढं दुसरीचे सर. सहा वर्षं हे असं चाललं होतं.

एकदा केंद्रप्रमुखांसमोर बैठक होती. मुलांच्या वाचनाचा विषय निघाला आणि मी बोलून गेले, "चौथीतल्या सहा मुलांना अजून जोडाक्षरं येत नाहीत." बोलले ते खरं होतं. पण हे मी सरांना गाडीतही सांगू शकले असते, तेवढी चूक माझी. सर हसले, "मॅडमचं बारीक लक्ष असतं," म्हणाले आणि विषय संपला. मला वाटलं, संपला.

आठ दिवसांनी शाळेची तपासणी होती. मी मुलांच्या वह्यांची पिशवी घेऊन नऊ वाजता चौकात उभी राहिले. साडेनऊ झाले तरी गाडी आली नाही. सरांना फोन लावला. दोनदा वाजला, मग बंद लागायला लागला. शेवटी एका दुधाच्या टेम्पोला हात केला. त्यानं फाट्यावर सोडलं. तिथून वाडीपर्यंत तीन किलोमीटर चालत गेले. शाळेत पोचले तेव्हा अकरा वाजून गेले होते. माझ्या वर्गात, माझ्या खुर्चीत तपासणीचे साहेब बसले होते आणि फळ्यापाशी चौथीचे सर उभे होते.

"या मॅडम," सर म्हणाले. "तुमचा वर्ग सांभाळला मी."

साहेबांनी घड्याळ पाहिलं. "तपासणीच्या दिवशी ही वेळ?"

मी तोंड उघडायच्या आधीच सर बोलले, "बायकांना घरच्या अडचणी असतात साहेब. आपण समजून घ्यायचं."

त्यांनी आरडाओरडा केला असता तर मी विसरले असते. तो समजूतदार आवाज मला विसरता येईना. आठवड्याभरात मला कारणे दाखवा नोटीस आली. वीस वर्षांच्या नोकरीतली पहिली. पहिलीच्या मॅडमना विचारलं तर त्या म्हणाल्या, "सर म्हणाले तुम्ही परस्पर येणार आहात. आम्हाला तेच खरं वाटलं." सरांना विचारलं तर ते म्हणाले, "तुम्हीच आदल्या दिवशी म्हणाला होतात की." हे बोलताना त्यांनी माझ्या डोळ्यांत बघितलं. डोळे हललेसुद्धा नाहीत.

तपासणीच्या दुसऱ्या दिवशी गाडी बरोबर नऊ वाजता चौकात आली होती. सरांनी काच खाली केली. "बसा मॅडम."

"नको. उद्यापासून माझ्यासाठी थांबू नका."

"मग येणार कशानं?"

पुढचे पंधरा दिवस कधी एसटीनं, कधी कुणाच्या मोटारसायकलवर गेले. एसटी फाट्यावरच सोडायची, त्यामुळं दोनदा उशीर झाला. दोन्ही वेळा सर व्हरांड्यात उभे राहून मनगटावरच्या घड्याळाकडं बघत होते. त्या दिवसांत मला झोप कमी लागायची. मी त्यांच्या गाडीचं चाक पंक्चर करायचा विचार केला होता, हे लिहायला लाज वाटते. पण केला होता.

रस्ता मला एका पालक बाईनं दाखवला. तिची मुलगी माझ्या वर्गात होती आणि ती डोंगरावर शेरडं राखायची. मला घामाघूम होऊन फाट्यावरनं चालत येताना बघून ती म्हणाली, "बाई, पंख्याच्या रस्त्यानं या की. आमी बाजाराला तिकडनंच जातो. लई जवळ हाय."

डोंगरमाथ्यावर पवनचक्क्या आहेत. त्यांची ती लांबलचक पाती वर न्यायला कंपनीनं मुरमाचा रस्ता केला होता. वाशीच्या बाजूनं तो चढतो, माथ्यावरून जातो, आणि पलीकडं शेरडांच्या वाटेनं थेट शाळेच्या मागं उतरता येतं. एका रविवारी मी तो चालून बघितला. माझ्या दारापासून शाळेपर्यंत आठ किलोमीटर. सोळाच्या निम्मे. आणि त्या शेवटच्या वाटेवर चारचाकी येऊच शकत नव्हती. स्कूटीवरून डांबरी रस्त्यानं गेले असते तर रोज त्यांच्या गाडीची धूळ खात गेले असते. मला त्यांच्या मागून जायचं नव्हतं. त्यांना येता येणार नाही अशा वाटेनं जाऊन त्यांच्या आधी पोचायचं होतं.

माझे मिस्टर कळंबला एका आडत दुकानात दिवाणजी आहेत. मी सायकल म्हटल्यावर त्यांनी जेवता जेवता मान वर केली. "वय किती तुझं?"

"तुम्हाला माहीत आहे."

"आणि त्या माणसासाठी तू डोंगर चढणार?"

"त्याच्यासाठी नाही. त्याच्याविरुद्ध."

रविवारी ते माझ्याबरोबर धाराशिवला आले.

दुकानदारानं आधी पुढं जाळीची टोपली असलेली लेडीज सायकल काढली. मी म्हटलं, मुरमाचा डोंगर आहे, रोज जाऊन येऊन सोळा किलोमीटर. तसा त्यानं लाल-पिवळी, जाड नळ्यांची एक गाडी ओढून आणली. पुढंही शॉकअप, सीटखालीही एक ठसठशीत स्प्रिंग. "ही घ्या. बुड दुखणार नाही." मला ती आवडली. मिस्टरांनाही आवडली. मी उचलून बघितली तर शेळी उचलल्यासारखं वाटलं.

दुकानाच्या मागच्या बाजूला एक म्हातारे मिस्त्री चाकाच्या तारा ओढत बसले होते. सगळे त्यांना चाचा म्हणत. त्यांनी बसल्या जागेवरून सांगितलं, "वो नक्को बाई. मागची स्प्रिंग चढाला तुमचा जोर खाते. तुम्ही पायडल मारणार, ती खाली-वर नाचणार. महाग गाडीत ती चांगली असते. ह्या किमतीत नुसतं वजन."

दुकानदाराला ते फारसं रुचलं नाही, पण तो काउंटरकडं गेला. चाचांनी हात पुसून तीन सायकली भिंतीला टेकवल्या. तिन्हींना पुढं शॉकअप होता आणि मागचा सांगाडा सरळ, दणकट. "ह्याला हार्डटेल म्हणतात. डोंगरालाबी चालते, डांबरालाबी." पुढच्या शॉकअपवर एक निळी कळ होती. ती फिरवली की शॉकअप घट्ट होतो आणि सपाट रस्त्यावर जोर वाया जात नाही.

मग त्यांनी मला सायकलीच्या दांडीवर दोन्ही बाजूंना पाय टाकून उभं केलं. दांडी आणि शरीर यांच्यामध्ये चार बोटं जागा पाहिजे म्हणाले. पहिल्या गाडीत दोनच बोटं होती. "ही मोठी होते तुम्हाला. मुरमात अचानक पाय टेकवायची वेळ आली तर लागेल." ती बाजूला गेली. लहान मापाच्या दोन उरल्या. एकीला तेलाचे ब्रेक, अगदी लोण्यासारखे. दुसरीला तारेचे, डिस्कचेच. मी तेलाच्या ब्रेकवर बोट ठेवून उभी होते.

"वाशीत हे दुरुस्त करणारा कोण आहे?" चाचांनी विचारलं.

"कुणी नाही."

"मग तार घ्या. तार तुम्हीच ओढाल."

मागं कॅरिअर बसवायला सांगाड्याला भोकं आहेत का, हे त्यांनी स्वतःच वाकून बघितलं, कारण वह्यांची पिशवी पाठीवर घेऊन चढ चढला तर पाठ जाईल म्हणाले. टायर फार खोल खाचांचे नको, डांबरावर गुरगुरतात, मधल्या खाचांचे घ्या. मी मागच्या गल्लीत दोन फेऱ्या मारल्या. शाळेत असताना सायकल चालवली होती, त्यानंतर आत्ताच. गल्लीतल्या बायका बघत होत्या. परत आले तेव्हा चाचा सीटची उंची वाढवत होते.

"कुणाशी शर्यत लावली का बाई?"

"हो."

"किती दिवसांची?"

"जितके दिवस लागतील तितके."

त्यांनी मान डोलावली, जणू गिऱ्हाइकं रोज असंच सांगतात. राखाडी रंगाची ती तारेच्या ब्रेकवाली गाडी मी घेतली. एसटीच्या टपावर टाकून आणली.

पहिल्या दिवशी अर्धा चढ मी सायकल ढकलत गेले. एक तास वीस मिनिटं लागली. छातीत भाता चालल्यासारखं होत होतं. उताराला मी घाबरून पुढचा ब्रेक आवळला आणि सायकल सोडून पुढं गेले. कोपर सोलपटलं. शेरडं राखणारी बाई धावत आली. "न्हाय जमायचं बाई तुमाला," ती कळवळून म्हणाली. मी तिथं बसून मुरमाचे खडे कोपरातून काढले आणि सरांचा तो समजूतदार आवाज आठवला. उठले.

हळूहळू कळत गेलं. चढाला आधीच गियर उतरवायचा, चढ लागल्यावर नाही. उताराला सीटवरून उठून वजन मागं न्यायचं आणि मागचा ब्रेक आधी लावायचा. डांबरावर हवा जास्त, मुरमावर थोडी कमी. बाभळीचा काटा रुतला तर ट्यूब स्वतः बदलायची. दोन महिन्यांनी तो रस्ता मी बेचाळीस मिनिटांत काढला. ट्रॅकपॅन्ट आणि कुर्त्यावर जायचे, आणि पोषण आहाराच्या खोलीत, तांदळाच्या पोत्यांमध्ये साडी नेसायचे. पावणेदहाला मी व्हरांड्यात असायचे, केस नीट बांधून.

त्याच सुमाराला महामार्गावर पुलाचं काम निघालं आणि वाशीहून येणाऱ्या गाड्या तिथं अडकायला लागल्या. सरांची गाडी कधी दहा दहाला यायची, कधी सव्वादहाला. मुख्याध्यापक मवाळ माणूस. ते मला म्हणाले, "मॅडम, तुम्ही सगळ्यांच्या आधी येता. हजेरीपट तुमच्याकडंच ठेवत जा."

मी हे काम मागितलं नव्हतं. पण मिळाल्यावर जो आनंद झाला तो लपवणार नाही. दहा वाजून दहा मिनिटं झाली की मी लाल पेननं रिकाम्या चौकोनात उशिराची खूण करायचे. तीन खुणांना एक किरकोळ रजा जायची. नियम जुनाच होता, पाळत कुणी नव्हतं. मी पाळला.

"मॅडम, पूल बंद होता," सर पहिल्या दिवशी म्हणाले.

"हो का."

"पाच मिनिटांचा तर प्रश्न आहे."

"सर, मी समजून घेते. पण खूण करावी लागते."

त्यांच्या तोंडावरचं हसू गेलं. मी ते जाताना नीट बघितलं. त्या दिवशी घरी जाताना चढावर मला एकदाही उतरावं लागलं नाही.

महिना असा गेला. मग एका दुपारी पहिलीच्या मॅडम माझ्या वर्गाच्या दारात आल्या. त्यांच्या धाकट्याच्या टॉन्सिलचं ऑपरेशन होतं आणि दोन रजा लाल खुणांत गेल्या होत्या. मी सरांच्या चौकोनात खूण करत होते तेव्हा त्याच गाडीतून उतरणाऱ्या बाकीच्या दोघांच्या चौकोनांतही करत होते. ते मला दिसत होतं. मी बघितलं नव्हतं.

"तुमचं भांडण त्यांच्याशी आहे," त्या म्हणाल्या. "माझं पोर मधे का?"

रात्रभर मी स्वतःची बाजू मांडत राहिले आणि ती दरवेळी तोकडी पडली. पण सरांना सोडायची तयारीही होईना. सकाळी मी पहिलीच्या मॅडमना गाठलं. "तुम्ही आणि दुसरीच्या सरांनी एवढंच लिहून द्या, की त्या दिवशी गाडीत सर तुम्हाला काय म्हणाले. मी हजेरीपट आजच परत देते. तुमच्या रजेबद्दल मी स्वतः मुख्याध्यापकांशी बोलते. तुम्ही नाही लिहिलंत तरी बोलेन."

"आधी बोला," त्या म्हणाल्या. "मग बघू."

मी आधी बोलले. मुख्याध्यापकांनी पुलाच्या कामाचा शेरा लिहून त्या दोघांच्या खुणा माफ केल्या. सरांच्या खुणांविषयी मी शब्द काढला नाही, आणि त्यांनी विचारलं नाही. दोन दिवसांनी पहिलीच्या मॅडमनी कागद दिला. खाली दुसरीच्या सरांचीही सही होती.

तो कागद जोडून मी नोटीस मागं घ्यावी असा अर्ज केला. सरांना तालुक्याला बोलावून विचारलं गेलं. तिथं काय झालं ते मला माहीत नाही, पण ते परत आले तेव्हा त्यांच्या हातात मुख्याध्यापकांच्या नावानं एक खुलासा होता: आपल्याकडून निरोपात गफलत झाली, मॅडमचा दोष नव्हता. 'गफलत' हा शब्द मला मान्य नव्हता. पण नोटीस माझ्या फायलीतून निघाली.

व्हरांड्यात सरांनी मला थांबवलं. "झालं का समाधान?"

"नाही," मी म्हटलं.

त्यांना माझ्याकडून 'झालं गेलं विसरले' असं काही ऐकायचं होतं. मला ते म्हणायचं नव्हतं, आणि आजही नाही. ते अजून आमच्याच शाळेत आहेत. आम्ही कामापुरतं बोलतो. चौथीतल्या त्या सहापैकी पाच मुलांना त्यांनी वर्षाअखेर जोडाक्षरं शिकवली, हे मी नोंदवून ठेवते, कारण ते खरं आहे. पहिलीच्या मॅडम वर्षभर माझ्याशी जरा जपून बोलायच्या.

नोटीस निघाली त्याच्या पुढच्या रविवारी मी पहिल्यांदा कामाशिवाय सायकल काढली. माथ्यावर जाऊन शाळेकडं न उतरता पवनचक्क्यांच्या ओळीनं पुढं पुढं गेले. कुणाच्या आधी पोचायचं नव्हतं, त्यामुळं किती जोरात चालवायची तेच कळेना. कधी खूप हळू झाली, कधी उगाच पळवली. शेवटच्या पंख्याखाली सावलीत बसून खिशातल्या शेंगा खाल्ल्या. टरफलं गोळा करून पिशवीत टाकली आणि ऊन चढायच्या आत घरी आले.