करापायी काढलेली चाकं

आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर मी आहे, आणि घराण्यातली पहिली मोटार विटांवर चढवली तीही मीच.

यातल्या पहिल्या गोष्टीचा आप्पांना, म्हणजे माझ्या वडिलांना, फार अभिमान. आमच्या निमोणे गावात दूध घालून, कांदे विकून त्यांनी मला शिरूरच्या कॉलेजात बी.कॉम. केलं. त्या उपकारांची थोडी तरी परतफेड म्हणून मी घरचा वाचनाधिकारी झालो. (हे पद मीच निर्माण केलं.) औषधाच्या पाकिटावरचा मजकूर असो नाहीतर वीजबिलामागच्या सूचना, मी वाचणार आणि घर ऐकणार. आप्पा तर टोपी नीट करून ऐकायला बसत!

त्या शुक्रवारी माझ्या मोबाइलवर बातमी आली : ‘वाहन करात मोठा बदल! मालकांना आता दरवर्षी...’ मी ती लगेच जेवायला बसलेल्या आप्पांना वाचून दाखवली. कारण आमची गाडी म्हणजे आप्पांचा जीव. शिक्रापूरच्या कारखान्यातल्या एका साहेबांनी वापरून सोडलेली. पण ती दारात आली त्या दुपारी ऊन लागू नये म्हणून आप्पांनी स्वतःचा पंचा तिच्या टपावर टाकला होता.

“दरसाल कर?” आप्पांचा घास हातातच राहिला. “आन् न्हाई भरला तर?”

“जप्ती!” मी म्हणालो. (बातमीत जप्ती नव्हती. पण बी.कॉम. झालेल्या माणसाला अंदाज असतो.)

आप्पांचा चेहरा बघवेना. मग मला आठवलं, शिक्रापूरला चहाच्या टपरीवर एक ट्रकवाला सांगत होता : गाडी रस्त्यावर चालतच नाही असं कळवलं, तर तेवढ्या काळाचा कर लागत नाही. मी लगेच तोडगा काढला. “आप्पा, आपली गाडी चालत नाही असं दाखवायचं.”

“आरं, पर ती चालतीय की!”

“चाकं काढली की कशी चालेल?”

आप्पांनी माझ्याकडे ज्या कौतुकाने पाहिलं, ते आठवलं की मला अजून घाम फुटतो.

शेजारच्या गॅरेजचे रफिकमामा आले. त्यांनी चारही चाकं काढली, गाडी विटांवर बसवली आणि हात पुसत म्हणाले, “भाच्या, पंक्चरला चाक काढत्यात. टॅक्साला काढल्यालं म्या पयल्यांदाच बघतुया.” आणि जॅक-पाना घेऊन ते दौंडला मेव्हण्याकडच्या लग्नाला निघून गेले.

शनिवारी सकाळी समोरच्या शांताकाकू अंगणात आल्या. गाडीभोवती एक फेरी मारून त्यांनी पदर तोंडाला लावला.

“व्हय वं वहिनी, बँकवाल्यांनी निस्ती चाकंच नेली?”

“कुणी न्हाई नेली!” आई कडाडली.

“असू द्या. बाकीची ठिवली, ह्येच लई!”

दुपारपर्यंत निम्मं गाव सांत्वनाला येऊन गेलं. एकाने तर हलक्या आवाजात उरलेल्या गाडीला गिऱ्हाईक सुचवलं. आणि तेवढ्यात फोन आला : केडगावचे पाहुणे उद्याच रूपालीला बघायला येताहेत!

रूपाली माझी धाकटी बहीण, कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला. हे स्थळ तिला मनापासून हवं होतं, कारण मुलगा, महेश, लग्नानंतरही शिक म्हणणारा होता. आणि पाहुणे येणार ते थेट दिवाळं निघाल्यासारख्या दिसणाऱ्या अंगणात!

“आत्ताच्या आत्ता चाकं बसीव!” आई म्हणाली.

“जॅक दौंडला गेलाय.”

“दादा,” रूपाली शांतपणे म्हणाली, “माझं लग्न मोडलं ना, तर तुलाही विटांवर बसवीन.”

रात्रभर माझा डोळ्याला डोळा लागला नाही. सकाळी आईने चाकं निदान लपवायची म्हणून ओसरीत दोन-दोन रचली आणि वर सतरंज्या टाकल्या. तेवढीच दोन माणसांची बसायची सोय!

पाहुणे आले. महेशचे वडील शंकरराव गाडीतून उतरले, आमच्या गाडीकडे बघून थबकले, ओसरीत आले आणि नेमके चाकांवरच बसले.

“बैठक मऊ हाय,” ते म्हणाले. मग अंगणाकडे बोट करून, “गाडीचं काय झालं म्हणायचं? काय अडचण?”

आप्पांनी माझ्याकडे पाहिलं. आईने पाहिलं. दाराआडून रूपालीनेही पाहिलं. आता घराची अब्रू माझ्या जिभेवर होती! घाबरलेला माणूस फार मुद्देसूद बोलतो. दरवर्षीचा कर, दंड, जप्ती, नाक्यावरची तपासणी असं सगळं मी इतकं पटवून सांगितलं की शंकररावांच्या कपाळावर आठी पडली.

“म्हंजी आमची गाडीबी धरत्याल?”

“वाटेत न्हावऱ्याच्या चौकात नाही धरली, तर चौफुल्याला नक्की!”

शंकररावांनी हातातला पाण्याचा तांब्या खाली ठेवला. “म्हेशा! गाडी रस्त्याव न्हाई न्यायची. आपण यष्टीनं जाऊ.”

“अहो, तसं नाही...” मी पुटपुटलो. पण आता त्यांना थांबवणार कोण, मीच तर त्यांना सुरू केलं होतं! त्याच वेळी रफिकमामा लग्नाचे लाडू घेऊन परतले. त्यांना बघून मला हायसं वाटतंय तोच शंकरराव म्हणाले, “मिस्त्री, आमचीबी चाकं काढा!”

रफिकमामांनी माझ्याकडे बघून आकाशाकडे बघितलं. विटा कमी पडल्या, तर आईने न्हाणीजवळच्या कट्ट्याच्या काढून दिल्या. महेश बिचारा नव्या शर्टाच्या बाह्या सरसावून जॅक फिरवत होता. अर्ध्या तासात आमच्या अंगणात दोन गाड्या, आठ सुटी चाकं आणि परतायची सोय नसलेले पाच पाहुणे!

अशा वेळी रूपाली पोहे घेऊन बाहेर आली. खाली मान, डोक्यावर पदर. पोहे दिले आणि रीत सोडून सरळ माझ्यापुढे हात पसरला. “दादा, मोबाइल.”

“आत्ता कशाला?”

“दे.”

तिने बातमी उघडली. ओसरीत फक्त पोह्यातले शेंगदाणे चावल्याचे आवाज येत होते.

“इथं खाली ‘पुढे वाचा’ असं लिहिलंय. ते दाबलं होतंस?”

नव्हतं दाबलं! (तीन वर्षांचं बी.कॉम., पण तेवढं एक दाबायचं राहिलं.)

तिने मोठ्याने वाचलं. बदल नव्याने नोंदवायच्या काही गाड्यांसाठी होता. आमच्यासारख्यांचा कर गाडी नवी घेतानाच एकरकमी भरलेला असतो. पंधरा वर्षं उलटली की पर्यावरण कर येतो, त्याला आमच्या गाडीला अजून अवकाश होता. आणि ‘गाडी बंद आहे’ असं कळवायची सवलत? ती दरसाल कर भरणाऱ्या ट्रकवाल्यांची!

मला वाटलं, आता गेलं स्थळ. आप्पा टोपी काढून हातात चुरगाळत होते. मी उठून शंकररावांचे पाय धरले. “चूक माझी आहे. रूपालीला बोल लावू नका.”

शंकररावांनी आधी स्वतःच्या गाडीकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग रूपालीकडे. आणि एकदम पोट धरून हसायला लागले. “पोरगी पसंत हाय! शेवटपर्यंत वाचती!”

“आन् रूपाली, तुला मुलगा?” आप्पांनी घाईघाईने विचारलं.

रूपालीने ग्रीसने काळ्या झालेल्या महेशकडे एकदा पाहिलं. “आधी चाकं बसवू देत. मग सांगते.”

बसवली त्याने. घट्ट बसवली.

लग्नात मला मानाचं काम मिळालं : दारात उभं राहून पाहुण्यांवर गुलाबपाणी शिंपडायचं. गुलाबदाणी माझ्या हातात देण्याआधी आप्पांनी ती फिरवून फिरवून पाहिली. तिच्यावर वाचण्यासारखं काही लिहिलेलं नाही ना, याची त्यांना खात्री करून घ्यायची होती.